मिलेतात मागे राहिलेला माणूस

पेन वर धरलं की शाई उतरत नाही, म्हणून हे मी पेन्सिलीनं लिहिते आहे. मी उताणी आहे. छातीवर लाकडी फळी उभी धरायची, तिच्यावर कागद चिमट्यानं लावायचा, आणि हात भरून आला की थांबायचं. अक्षर वाकडं आलं असेल तर माफ करावं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांनी मला हे लिहायला सांगितलं. ते म्हणाले, "अंथरुणाला खिळलेले आपले लोक गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी लिही." मी म्हटलं, "साहेब, मी तर बरी झालेली नाही. बऱ्या झालेल्या माणसानं लिहावं." ते म्हणाले, "बऱ्या झालेल्यांनी पुष्कळ लिहिलं आहे."

तेव्हा मी लिहिते आहे. शेवटी मी चालू लागले, असं यात येणार नाही, हे आधीच सांगते. कोणी त्या आशेनं वाचत असेल तर त्याची फसवणूक नको. तशी एक फसवणूक आमच्या घरात होऊन गेली आहे आणि ती कोणी मुद्दाम केली नव्हती.

फोटो

माझं नाव रूथ. वाशीमच्या कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा जिनिंगमध्ये कामाला आहेत. हंगामात ते कामावरून घरी येतात तेव्हा त्यांच्या भुवयांवरसुद्धा कापूस असतो. आईला अक्षर येत नाही, पण पवित्र शास्त्रातली, बायबलातली, वचनं तिला इतकी पाठ आहेत की बाबा वाचताना अडखळले तर ती चुलीपाशी बसून पुढचा शब्द सांगते.

पाठ दुखायला लागली तेव्हा आम्ही त्याचा दोष पाणी भरण्यावर घातला. दुष्काळाचं साल होतं, हापशी लांब होती, हंडे मीच आणत होते. आईनं विटकर तापवून शेकलं. मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, तेल चोळायला दिलं. मग संध्याकाळी अंगात बारीक ताप राहू लागला. एक दिवस माझी वेणी घालताना आईचा हात पाठीवर थांबला. "हे काय व माय, इथंसा टेंगूळ?"

बाबा मला छोट्या रेल्वेगाडीनं अकोल्याला घेऊन गेले आणि पाठीचा एक्स-रे फोटो काढून आणला. वाशीमला आमच्या मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मला त्यात धुरासारखं काहीतरी दिसलं. बाई म्हणाल्या, "पाठीच्या कण्याला क्षय झाला आहे."

बाबा म्हणाले, "क्षय तं छातीचा असते ना, बाई? हिले तं खोकला बी नाही."

"हाडालाही होतो."

"मंग हिची परीक्षा?"

बाईंनी फोटो खाली ठेवला. बाबांकडे न पाहता त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "परीक्षा पुढे देता येईल. आता झोपायचं. मी सांगेपर्यंत उठायचं नाही, बसायचं नाही. गोळ्या आणि सुया एकही चुकवायची नाही. हे पाळलं तर तू चालशील."

हे शेवटचं वाक्य मला नीट आठवतं, कारण ते देवाच्या वचनासारखंच होतं, फक्त त्याला अट होती.

काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून मला घरी पाठवलं. बाबांनी मला बैलगाडीतून आणलं आणि घरी येईपर्यंत ते गाडीच्या मागून चालत आले, एक हात माझ्या पायावर ठेवून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "शिकायले धाडली न् असं झालं." बाबांनी ऐकलं नसावं, असं मी मनात धरलं.

वचनपेटी

बाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागेल. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या पुष्कळ घरांत वचनपेटी असते. एक लहानशी पेटी, तिच्यात कागदाच्या बारीक गुंडाळ्या, आणि प्रत्येक गुंडाळीवर शास्त्रातलं एक वचन. आमची पेटी पत्र्याची आहे आणि घड्याळाच्या मागे राहते. नव्या वर्षाच्या सकाळी उपासनेहून आलं की प्रत्येकानं डोळे मिटून एक गुंडाळी काढायची. निघालं ते त्याचं वर्षभराचं वचन. लहानपणी मला एकदा शत्रूंविषयीचं वचन निघालं आणि मी वर्षभर शेजारच्या पोरीशी बोलले नाही.

त्या वर्षी आईनं पेटी माझ्या अंथरुणापाशी आणली. माझा हात खालून पोचेना, म्हणून माझ्यासाठी तिनंच गुंडाळी काढली आणि माझ्याच हातात दिली. घरात सफाईनं वाचता येणारी मीच. मी उलगडून वाचलं. देवाची आशा धरणाऱ्यांना नवं बळ मिळेल, ते चालतील आणि थकणार नाहीत, अशा अर्थाचं यशयाच्या पुस्तकातलं वचन होतं.

आई खालीच बसली. "वाच अजून एकडाव."

मी पुन्हा वाचलं.

"चालतीन म्हनते?"

"हो, आई."

"नाव नाही सांगतलं मी त्याले. माह्या पोरीचं नाव नाही सांगतलं, तरी हेच निंघालं." ती रडत होती आणि हसतही होती. मीसुद्धा. छपराकडे पाहून महिने काढलेल्या माणसाला असं वचन निघावं, यात योगायोग आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्या दिवशी दुपारी मोठेबाबा आले. ते आमच्या मंडळीत वडील, म्हणजे नेमलेले पुढारी, आहेत. पाळकसाहेब नसले की संदेश तेच देतात. आमच्या आजोबांनी केनवडला प्रथम ख्रिस्तावर विश्वास धरला तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. मोठेबाबांनी ते दिवस पाहिले आहेत. देवाचा शब्द धरून माणूस उपाशी राहू शकतो, हे त्यांच्यासाठी बोलण्यापुरतं नाही. त्यांनी गुंडाळी डोळ्यांशी नेऊन स्वतः एकेक अक्षर लावलं. मग बाबांना म्हणाले, "आता कशाची वाट पाहून राह्यला? देवानं सांगतलं. आता उठवा पोरीले."

बाबा हळूच म्हणाले, "डॉक्टरबाईनं नाही म्हटलं ना, दादा."

"डॉक्टरबाई मोठी का वचन मोठं? गोळीवर बी भरवसा न् वचनावर बी भरवसा, दोन डगरीवर हात ठेवून कोनी पार झालं काय?"

आज इतके दिवस पडून विचार केल्यावर माझ्याजवळ या प्रश्नाचं थोडं उत्तर आहे, पण त्या दिवशी नव्हतं. आणि खरं म्हणजे मला उठायचं होतं. खाज सुटली की प्लास्टरमध्ये विणायची सुई घालावी लागत होती. मला स्वतःच्या हातानं पाणी घ्यायचं होतं.

मोठेबाबांनी कोमट पाण्यानं प्लास्टर भिजवलं आणि पत्रा कापायच्या कात्रीनं कापलं. मला कुठे लागू नये म्हणून ते मध्ये आपली बोटं घालत होते. त्यांच्या बोटांना कात्री लागली, मला लागली नाही. त्यांच्याविषयी मनात राग आला की मी ती बोटं आठवते.

गोळ्या आणि सुयाही त्याच दिवशी बंद झाल्या. रविवारी मी प्रार्थनामंदिरात चालत गेले. आई एका बाजूला, मोठेबाबांची बायको मोठीआई दुसऱ्या बाजूला. मोठेबाबांनी मला देवानं काय केलं याची साक्ष द्यायला उभं केलं. मी वचन म्हटलं आणि खाली बसले. सगळी मंडळी रडली. एका म्हातारबाबांनी माझ्या पायांना हात लावला.

गारवा

मी चालत राहिले, पण थोडेच दिवस. आधी पायाला मुंग्या आल्या. मग पायऱ्या चढताना पाऊल घसटू लागलं. मी कोणाला सांगितलं नाही; सांगितलं तर वचनावर अविश्वास झाला असता, असं वाटे. आईलाही दिसत होतं आणि तीही बोलत नव्हती. आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो.

एका सकाळी आईनं घर सारवलं होतं. ओल्या सारवणावरून चालताना पायाला गार लागतं, ते मला फार आवडतं. मी खाटेवरून पाय खाली टेकवले आणि गारवा लागेना. मी वाकून पाहिलं. पाय टेकले होते. सारवणावर पावलाचा ठसाही उठला होता. मी उभी राहायला गेले आणि पडले, आणि पडतानाचा आवाज ऐकून आई चुलीपासून धावली. मी तिला म्हटलं, "आई, मले जमीन लागत नाही."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद?" मग त्या टाचणी घेऊन माझ्या पायाला टोचत वर वर आल्या आणि प्रत्येक वेळी विचारत राहिल्या, "इथे? इथे?" मी छताकडे पाहून नाही म्हणत राहिले. बेंबीच्या थोडं खाली आल्यावर मी हो म्हटलं. आईनं पदर तोंडात घातला.

"पुन्हा चालेल काय?" बाबांनी विचारलं.

"पाहू," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी अटसुद्धा घातली नाही.

दवाखाना

ज्यांना पुढे इथे यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं लिहिते. भीती सगळ्यात जास्त संध्याकाळी वाटते, दिवे लागायच्या आधी. सकाळी कामं असतात. ताप पाहतात, सुई देतात, अंग पुसतात, चादर ओढून सरळ करतात. दर थोड्या वेळानं कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा पडतात. कूस आपली आपल्याला बदलता येत नाही. सिस्टर आणि आई मिळून मला लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदम वळवतात. भिंतीकडे तोंड असलं तर पुढच्या पाळीपर्यंत भिंतच. लघवी झाली हे मला वासावरून कळतं. हे लिहावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशी मरण मागितलं नसतं, म्हणून लिहिते.

तोंडावर माशी बसली तर हात आहेत, ही मोठी दया आहे.

दुसरी दया म्हणजे शेजारच्या खाटेवरची धुरपताबाई. ही मानोऱ्याकडच्या एका तांड्यातली. झाडावरून पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि पाय वजन बांधून ताणून ठेवला होता. ती सगळ्या वॉर्डाला हसवायची. मला म्हणाली, "तुह्या पायले काही समजत नाही, माह्या पायले लयच समजते. देवानं अर्धं अर्धं वाटून देलं असतं तं काय झालं असतं?" मी हसले तर पाठ दुखली, आणि दुखली म्हणून बरं वाटलं.

बाबा जिनिंगची पाळी संपली की यायचे. बायकांच्या वॉर्डात आत येत नसत. दारात उभे राहून भुवयांवरचा कापूस झटकायचे आणि विचारायचे, "जेवली काय?" मी हो म्हणायचे. रोज एवढंच.

मोठेबाबा एकदा आले. खाटेशी उभं राहून त्यांनी फार वेळ प्रार्थना केली. मग आईला बाजूला नेलं, पण वॉर्ड लहान आहे, ऐकू आलं. "वचन खोटं नसते. कोठं ना कोठं अविश्वास राह्यला असन. कोनाच्या तरी मनात."

आई परत येऊन स्टुलावर बसली. तो अविश्वास कोणाचा, ते ठरवायला तिला वेळ लागला नाही. गुंडाळी तिनं काढली होती. तेव्हा कमी पडला तो विश्वास तिचाच. त्या दिवसापासून माझ्या आईनं प्रार्थना करणं सोडलं. पूर्वी मला वळवताना, पाणी पाजताना, काहीही करताना तिच्या ओठांवर ते पुटपुटणं असायचं: "देवा, धर हिले." ते बंद झालं. सकाळी सिस्टर सगळ्यांसाठी प्रार्थना करत तेव्हा सगळ्या बायका डोळे मिटायच्या, धुरपताबाईसुद्धा. आई उघड्या डोळ्यांनी माझ्या पायांकडे पाहत राहायची.

मीही शास्त्र उघडलं नाही. उशाशी होतं. माझ्यापुढे तीनच वाटा होत्या आणि तिन्हींकडे मला जायचं नव्हतं. एक तर शास्त्र खोटं. नाहीतर शास्त्र खरं आणि मी देवाला नकोशी. नाहीतर शास्त्र खरं आणि माझ्या आईनं माझे पाय घालवले. पाय गेले याचं दुःख होतंच. पण ज्या पुस्तकासाठी आजोबांनी वाळीत दिवस काढले, त्यावर आता हात ठेवता येतो की नाही, हे मला कळत नव्हतं, आणि उठून कुठे निघूनही जाता येत नव्हतं.

शीला

शीला तायडे माझ्या वर्गातली. ती रिठदची, वाशीमला तिच्या मामाकडे राहून शिकते. तिच्या घरचे छप्पन्न सालात बौद्ध झाले. माझे आजोबा ख्रिस्ती झाले, तिचे वडील बौद्ध झाले. आम्ही दोघी कधीकधी हसत असू की आपल्या दोघींच्या घरच्यांना गावानं एकाच विहिरीवरून हाकललं असेल. ती आठवड्याला येऊन मला इतिहासाच्या नोट्स वाचून दाखवायची. परीक्षा कधी देणार, हे तिनं कधी विचारलं नाही. धडे मात्र पुढे नेत राहिली.

तिला मी वचनपेटीची सगळी हकिगत सांगितली. ती ऐकत असताना तिचा चेहरा लाल झाला.

"म्हंजे तुमचा देव लाटरी काढते काय?"

"असं नको बोलू."

"मी नाही बोलत. तुमीच तसं करून राह्यले ना. चिठ्ठी निंघाली, बक्षीस लागलं." मग तिला आईचं भान आलं आणि ती एकदम म्हणाली, "काकू, माफ करा. मले तसं नोतं म्हनायचं."

आई म्हणाली, "म्हन बाप्पा. मले बी तसंच वाटून राह्यलं."

पुढच्या खेपेला नोट्स लवकर संपल्या. आई कपडे धुवायला गेली होती. शीलानं उशाचं शास्त्र उचललं. मी म्हटलं, "नको." ती म्हणाली, "तुह्यासाठी नाही वाचत. माह्यासाठी वाचते. इतकं भांडन झालं, पाहू तरी काय हाये." आणि परीक्षेच्या अभ्यासाची तिची जी पद्धत तीच तिनं इथे लावली: लहान लहान आधी, मोठं नंतर. पानं उलटून तिनं एक लहान पत्र शोधलं. तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र.

आम्ही शास्त्र तसं वाचत नाही. आम्हाला कुठे थांबायचं ते ठाऊक असतं. ओळखीची वचनं आली की आवाज चढतो, आणि पत्राच्या शेवटी नावं आणि नमस्कार आले की आम्ही पुस्तक मिटतो. शीलाला हे ठाऊक नव्हतं. ती कोणाचंही पत्र वाचावं तशी सरळ वाचत गेली. तुरुंगात पडलेला म्हातारा प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला लिहितो आहे. अमका मला सोडून गेला. तमका दुसरीकडे गेला. लवकर ये. येताना माझा झगा आण, तो अमक्याच्या घरी राहिला आहे.

"झगा?" शीला थांबली. "देवाच्या पुस्तकात झग्याची काय गोष्ट?"

"त्याला थंडी वाजत असेल."

"हं." ती पुढे गेली आणि पुन्हा थांबली. "हा त्रफिम कोन?"

"कोण?"

"हे पाय ना. पौल म्हनते, त्रफिम आजारी होता, त्याले मी मिलेतात ठेवून आलो. कोन हाये हा?"

मला ठाऊक नव्हतं. मी हे पत्र कितीदा वाचलं होतं, पण या ओळीवर माझी नजर कधी थांबली नव्हती.

"मंग तो बरा झाला काय?"

"माहीत नाही."

"पुढं लिहिलं असन." तिनं पान उलटलं. हिवाळ्याच्या आत ये आणि नमस्कार, एवढंच होतं, आणि पत्र संपलं होतं. "नाही लिहिलं. पन तूच तं सांगत होती ना, या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी लोकं बरे होत होते म्हनून?"

"हो. प्रेषितांच्या कृत्यांत आहे. इफिसात."

तिला राहवेना. तिनं ती जागा माझ्याकडून काढून घेतली आणि वाचली, आणि पुढे वाचत गेली. थोडी पानं गेल्यावर ती म्हणाली, "रूथ, हे पाय. त्रफिम इथं बी हाये. इफिसचाच होता तो."

म्हणजे ज्या गावात ते रुमाल नेले, त्याच गावचा हा माणूस. त्यानं ते पाहिलं असेल, निदान ऐकलं तरी असेल. दुसऱ्यांना बरं होताना पाहिलेला माणूस. पौलाच्या सोबत दूरवर फिरलेला. आणि त्याला आजारी ठेवून पौल पुढे गेला. त्याचा विश्वास कमी होता असं पौल लिहीत नाही. त्याच्या हातून पाप झालं असं लिहीत नाही. माझी प्रार्थना चालली नाही, असंही लिहीत नाही. आजारी होता, मागे ठेवला. एवढंच.

शीला बोट पानात घालून बसली होती. ती म्हणाली, "सर काय सांगत होते, आठवते काय? लिहिनाराच्या अडचनीची गोष्ट त्यानंच लिहून ठेवली असन तं?"

आठवत होतं. इतिहासाचे सर जुन्या बखरींविषयी सांगत. लिहिणाऱ्यानं स्वतःची शोभा वाढवणारं लिहिलं असेल तर तपासून घ्यावं. पण जे लिहिल्यानं त्याचीच अडचण होते, ते त्यानं उगाच लिहिलेलं नसतं.

"खोटं लिहाचं असतं," शीला म्हणाली, "तं ही ओळ कायले ठेवली असती? पुसून टाकली असती. नाहीतं खाली लिहिलं असतं, मंग तो उठून चालाले लागला." तिनं पुस्तक माझ्या छातीवर ठेवलं. "तुमचं बाकीचं मले माहीत नाही. मी काही तुमच्यात येऊन नाही राह्यली. पन ही ओळ खरी हाये."

एवढं मला कळलं

ती गेल्यावर मी हात वर करून पुस्तक धरलं आणि यशयातला तो अध्याय पहिल्यापासून वाचला. आमची गुंडाळी त्याच्या अगदी शेवटून कापलेली होती. तो अध्याय घरापासून लांब, कैदेत पडलेल्या लोकांशी बोलतो. देव आपल्याला विसरला, असं ते म्हणत होते. त्यांना धीर धरायला सांगितलं आहे. आठवड्याभरात उठाल, असं त्यात कुठे नाही. ते वचन खोटं नव्हतं. आम्ही ते कापून पेटीत ठेवलं आणि चिठ्ठीसारखं काढलं, आणि देवानं जे म्हटलं नव्हतं ते त्याच्या तोंडी घातलं. मग ते घडलं नाही म्हणून आम्ही एकमेकांची मनं तपासत बसलो.

हे कळल्यानं माझे पाय हलले नाहीत. मी खोटं लिहिणार नाही. टाचणी अजून जिथे लागायची तिथेच लागते. रात्री घाबरल्यावर पूर्वी घाबरायची तशीच घाबरते. पुष्कळदा प्रार्थनेत माझ्याजवळ "का?" याशिवाय शब्द नसतो. पण पुस्तकावर मला पुन्हा हात ठेवता येतो. ज्या पुस्तकानं त्या आजारी माणसाची ओळ गाळली नाही, ते मला माझ्या बाबतीत फसवणार नाही, एवढं मी धरून आहे. वचनपेटीत सगळी चालणारी, धावणारी, बरी होणारी माणसं आहेत. त्रफिमची गुंडाळी कोणी करत नाही. पण तो शास्त्रात आहे. मी त्या ओळीत मावते. तुम्हीही, तुम्ही आडवे असाल तर.

मोठेबाबांना हे सांगायचा मला धीर झालेला नाही. बाबांना सांगितलं. ते दारातच होते. मी आवाज चढवून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय नाव म्हटलं त्या मानसाचं?"

आई

पुन्हा नवं वर्ष आलं. आईनं घड्याळामागची पेटी काढली नाही. सकाळी ती उपासनेलाही गेली नाही, सरळ दवाखान्यात आली, डब्यात दुधात भिजवलेली भाकर घेऊन. धुरपताबाई कुबड्यांवर घरी गेली होती. तिच्या खाटेवर अजून कोणी आलं नव्हतं.

आईला ही गोष्ट कशी सांगावी, हे मला कळत नव्हतं. तोवर दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा ती उठून पाणी आणायला गेली होती. या वेळी मी काही समजावून सांगायचं नाही असं ठरवलं. मी म्हटलं, "आई, एक ओळ वाचते. लहानशी हाये."

तिनं भाकर कालवायचं थांबवलं नाही. मी वाचलं. झग्यापासून सुरू करून त्रफिमच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले.

आई म्हणाली, "वाच अजून एकडाव."

मी पुन्हा वाचलं.

ती कालवायची थांबली. "ठेवून गेला?"

"हो."

"पौल?"

"हो, आई. पौलच."

मला वाटलं ती त्याच्या विश्वासाविषयी विचारेल. किंवा तो बरा झाला का, असं. ती म्हणाली, "मंग त्याच्यापाशी कोन राह्यलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकात शोधलंच नव्हतं. "लिहिलं नाही."

"कोनी तं राह्यलं असन," आई म्हणाली. "आजारी मानूस. त्याले पानी कोन देत होतं? कूस कोन बदलून देत होतं? त्याची माय असन. नाहीतं दुसऱ्या कोनाची असन." तिनं डबा खाली ठेवला, हात धुतले, पदराला पुसले. "तिचं नाव नाही लिहिलं त्यायनं. पन होती ती."

सिस्टर आत आल्या. कूस बदलायची वेळ झाली होती. त्यांनी माझे खांदे धरले. आईनं नेहमीसारखे माझे पाय धरले. मला तिचे हात पायाला लागत नाहीत, पण ती ते कसे धरते हे मला मान वळवून दिसतं: अंडं धरावं तसे.

"एकदम हं," सिस्टर म्हणाल्या.

मी भिंतीकडे वळत होते, त्यामुळे आईचं तोंड मला दिसलं नाही. फक्त ऐकू आलं, अगदी खालच्या आवाजात, पुष्कळ महिन्यांनी.

"देवा, धर हिले."